पितृछत्र

प्रिय टिल्लूबाई,

पानंच्या पानं बघून दचकू नकोस. आई ठणठणीत आहे. गुडघ्याची तेवढी कुरकुर चालूच. मी मात्र परवापासून एका शब्दात अडकून पडले आहे.

तुला ठाऊकच आहे, आमच्या वर्तमानपत्रात निधनाच्या जाहिरातींची प्रुफं माझ्याकडे येतात. 'आमचे पितृछत्र हरपले' हे वाक्य इतक्यांदा येतं की डोळे त्यावरून नुसते घसरतात. परवा एका मजकुरात तेच वाक्य आलं आणि पेन थबकलं. छत्र म्हणजे नेमकं काय गं? उठून मोठा कोश काढला. मूळ धातू 'छद्', म्हणजे झाकणं. त्यातून छत्र, छत्रातून आपली छत्री. इथवर ठीक. पण त्याच धातूतून 'छद्म'सुद्धा आलंय! म्हणजे ढोंग, कपट. पावसापासून झाकणारं आणि खरं झाकून ठेवणारं, दोघं सख्खी भावंडं! मी इतक्या जोरात 'अगंबाई' म्हटलं की शेजारच्या टेबलावरचे अनुवादक चष्मा वर करून बघायला लागले.

त्यांना आयतंच निमित्त मिळालं. म्हणाले, इंग्रजांच्या अंब्रेलाचं मूळ लॅटिनमधल्या सावलीत आहे, पावसाचं त्यात नावही नाही. फ्रेंचांची छत्री मात्र नावातच पावसाला अडवते. म्हणजे एकाला ऊन छळतं, दुसऱ्याला पाऊस. आपला शब्द काहीच सांगत नाही; कशापासून झाकायचं ते ज्याचं त्यानं बघावं. मग अळंबीला भूछत्र का म्हणतात यावर ते सुरू झाले, तेव्हा मी चहाच्या नावाखाली सटकले.

चहा पिताना आपल्या घरातली छत्री आठवली. काळी, लाकडी मुठीची, एक काडी वाकलेली. दारामागच्या खिळ्याला टांगलेली असायची. घरात तेवढी एकच. तू रांगायचीस तेव्हा. मी ती उघडून जमिनीवर ठेवायची आणि तुला घेऊन आत बसायची. कापडाच्या बारीक भोकांतून उजेडाचे ठिपके तुझ्या पोटावर पडायचे आणि तू ते चिमटीत धरायला बघायचीस. मग एका दुपारी धो धो पाऊस पडत असताना बाबा बॅग भरून निघाले, आणि जाताना छत्री घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी आई डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून शिवणाच्या कारखान्यात गेली. मला कितीतरी दिवस बाबांपेक्षा त्या खिळ्याकडे बघून रडू यायचं. हे तुला कधी सांगितलं नव्हतं, कारण तू कधी विचारलं नाहीस.

आता मुद्द्यावर येते. परवाचा तो मजकूर काका स्वतः घेऊन आले होते. बाबा गेले, टिल्लू. या वेळी खरोखरचे. सोमवारी, काकांच्या घरी, झोपेत. सगळं उरकल्यावरच काकांनी आम्हाला कळवलं. मजकुराखाली 'शोकाकुल' म्हणून आपल्या तिघींची नावं. काका म्हणाले, अगं, असंच लिहायची पद्धत असते. घरी येऊन मी आईला वाचून दाखवलं. ती गाजर किसत होती, ती थांबली आणि म्हणाली, "हरपलं कसलं? घेऊनच गेला होता की!" आम्ही दोघी पोट दुखेपर्यंत हसलो. मी थांबले, तरी आई मनगटानं डोळे पुसतच राहिली. शेवटी म्हणाली, "माझं नाव राहू दे. तो शब्द काढ." मी 'पितृछत्र' काढलं. माझंही नाव ठेवलंय. तुझ्या नावाची जागा मोकळी सोडली आहे. तुला त्यांचा चेहराही आठवत नाही, आणि तुझ्या वतीनं शोकाकुल व्हायचा हक्क मला नाही. जाहिरात रविवारी आहे, म्हणून टपालाची वाट न बघता या पानांचे फोटोच पाठवतेय. घाल म्हणालीस तर घालीन. नको म्हणालीस तरी आईला वाईट वाटणार नाही, मी तिला विचारलंय. फक्त 'मला काय त्याचं' असं आजच्या आज कळवू नकोस. एक दिवस जाऊ दे.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच,
ताई