ग्लिसरीनची बाटली आणि आईंच्या टाचा

शुक्र., ३ एप्रिल २०२०
दुकान बंद. दारावर चिठ्ठी, मालकाला दमा आहे, काही आठवडे उघडणार नाही. फुलांचं दुकान उघडं, चीजचं उघडं, माझं तेवढं बंद. बासरीत दोन दिवसांपुरता रस उरलाय. (बासरी म्हणजे ती वाफेची कांडी. स्वतःच्या वहीत नाव लिहायचीही हिंमत नाही माझी.)

नि.ला वाटतं मी एक जानेवारीला सगळं सोडलं. सिगरेट सोडली हे खरं आहे. निकोटीन सोडलं नाही, एवढंच सांगायचं राहिलं. त्याचे बाबा तोंडाच्या कॅन्सरने गेले, तंबाखूने. त्यामुळे या घरात तो शब्दच काढायची सोय नाही.

त्यात सासूबाई. फेब्रुवारीत सहा आठवड्यांसाठी साताऱ्याहून इथे हॉलंडला आल्या आणि विमानं बंद झाली. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं, दिवसभर. बासरीसाठी मी खाली सायकलींच्या खोलीत जाते. सायकलला तेल घालून येते, असं सांगून.
"एवढं तेल पिते का गं तुझी सायकल?" — आई.

सोम., ६ एप्रिल
पार्सल आलं. घरीच मिसळायचं ठरवलंय. एक मोठी ग्लिसरीनची बाटली, निकोटीनच्या बारक्या बाटल्या, आंब्याचा वास, रिकाम्या कुप्या. पोस्टमन दाराशी ठेवून पळाला आणि पार्सल उचललं नेमकं आईंनी.
"काय आहे?"
"सॅनिटायझर करायचं सामान."
इतकं सहज खोटं सुचलं की माझी मलाच भीती वाटली. बाजारात सॅनिटायझर मिळत नाहीये, त्यामुळे आई खूश. नि.ला म्हणाल्या, बघ, तुझी बायको किती पुढचा विचार करते.

बुध., ८ एप्रिल
पहिला प्रयोग. फजिती.
व्हिडिओतला माणूस थेंब मोजत होता, मीही थेंब मोजले. त्याचा ड्रॉपर वेगळा, माझा वेगळा, हे डोक्यात आलं नाही. वास किती घालायचा हेही लिहिलेलं होतं, पण मला वाटलं एवढ्याशाने काय होणार. मसाला नेहमी दीडपट घालायची सवय. चौपट गेला. आमरसात अगरबत्ती विझवल्यासारखी चव. खोकून खोकून डोळ्यांत पाणी, आणि वरच्या मजल्यावरचा डच म्हातारा जिन्यातून माझ्याकडे असा बघतोय की मीच व्हायरस.
शिवाय निकोटीन बोटांवर सांडलं. पुसलं आणि तशीच मीटिंगला बसले. अर्ध्या तासात मळमळ, डोकं हलकं. हे कातडीतून आत जातं म्हणे. हातमोजे आणायचे. लिहून ठेवते म्हणजे विसरणार नाही.

शनि., ११ एप्रिल
आंबा नको. स्वयंपाकघरातला वेलचीचा अर्क घालायला बाटली हातात घेतली होती. सुदैवाने मागचं वाचलं. तेलातला आहे. तेल फुप्फुसात जाता कामा नये, हे सगळीकडे ठळक लिहिलंय. परत कपाटात. श्रीखंडातच बरा तो.
नुसत्या ग्लिसरीनमध्ये केलं. मधासारखं घट्ट, बासरीतला कापूस भिजेना, जळका धूर. आजचा दिवस फुकट. आई दोनदा विचारून गेल्या, काय जळतंय.

आई चिडचिड फार करतात हल्ली. पाडव्यानंतर सुरू झालंय. चहा पातळ, नि.चा आवाज मोठा, माझी खुर्ची करकरते. मी समजू शकते. परक्या देशात कोंडलेलं माणूस. मला मात्र तोंड लपवायला बाथरूमशिवाय जागा नाही, आणि सकाळी अर्धा तास तिथेही त्याच असतात.

मंगळ., १४ एप्रिल
जमलं! आणि किती सोपं.
स्वयंपाकघरातला काटा ग्रॅमच्या खालचं दाखवत नाही, मग दरवेळी इतकं इतकं मोजत बसण्यात अर्थ काय. निकोटीनच्या सगळ्या बारक्या बाटल्या सरळ मोठ्या ग्लिसरीनच्या बाटलीतच ओतल्या, थोडं पाणी घातलं, हलवलं. एकदाच करायचं, महिनाभर वापरायचं. आई पुरणाचं करून ठेवतात तसं.
बाटलीवर चिठ्ठी लावायची आहे. उद्या.
(आजच सकाळी ऑफिसच्या कामात एकाचा चाचणी अहवाल परत पाठवला, नमुन्यावर लेबल नव्हतं म्हणून. वर उपदेशाच्या चार ओळी.)
बाथरूमच्या कपाटात, टॉवेलांच्या मागे ठेवली.

गुरु., १६ एप्रिल
रस छान लागतोय. घसा शांत.
आईही आज खुशीत. पोळ्या लाटताना गुणगुणत होत्या. म्हणाल्या, "तुमच्या या हॉलंडच्या हवेनं टाचांना भेगा पडल्या बघ. पण औषध सापडलं. दोन दिवसांत आराम."
मी कॉलवर होते. मान डोलावली. कुठलं औषध, ते विचारलं नाही.

शनि., १८ एप्रिल, दुपार
घडलं तसं लिहिते.
सकाळी नऊला आई न्हाणीघरातून आल्या आणि सोफ्यावर कोसळल्याच. पांढऱ्याफटक. घाम. दोनदा उलटी. "घर फिरतंय" म्हणाल्या. नि.ने त्यांचा हात धरला आणि माझ्याकडे बघितलं. आमच्या दोघांच्या मनात एकच शब्द. वय अडुसष्ट, त्यांना रक्तदाब. महिनाभर भाजीची पिशवीसुद्धा पुसून घेणारी आम्ही माणसं.
शनिवार, म्हणजे नेहमीचे डॉक्टर नाहीत. सुट्टीच्या दवाखान्याला फोन. दहा मिनिटं बाजा वाजत राहिला. मग एक बाई: ताप? नाही. खोकला? नाही. श्वास? ठीक. काही वेगळं खाल्लं, लावलं?
नि.ने विचारलं, "आई, काही लावलंस?"
"टाचांना ग्लिसरीन. गुलाबपाणी, लिंबू घालून. आज जरा जास्त लावलं आणि मोजे घातले."

टॉवेलांच्या मागची बाटली. बिनचिठ्ठीची.

गप्प बसता आलं असतं, हे मी इथे लिहून ठेवते. दोन सेकंद तसा विचार केला, हेही लिहिते. पाय गुपचूप धुवायचे आणि बाटली फेकून द्यायची. पण पलीकडची बाई विषाणूचाच विचार करत राहिली असती. मी नि.च्या हातून फोन घेतला आणि सांगितलं. ते नुसतं ग्लिसरीन नाही, त्यात निकोटीन आहे, मी मिसळलंय, इतकं इतकं. नि. समोर उभा. आई सोफ्यावर. इंग्रजीत बोलले म्हणून काय झालं, निकोटीन साताऱ्यालाही कळतं.
बाईंनी डॉक्टरला दिलं. डॉक्टर शांत. मोजे काढा, पाय साबणाने, भरपूर पाण्याने धुवा, झोपवू नका, शेजारी बसा, दोन तासांनी फोन करा. जास्त वाटलं तर लगेच ११२. मग विचारलं, त्या स्वतः तंबाखू घेतात का? मी म्हटलं, छे, अजिबात नाही.
मी पाय धुतले. टबाच्या काठावर त्या बसलेल्या, मी खाली. दोनदा साबण लावला.
साडेअकराला रंग परत आला. बाराला चहा मागितला. "आणि पातळ नको" म्हणाल्या. तेव्हा मला रडू फुटलं.

तोच दिवस, संध्या.
डॉक्टर म्हणाले, धोका टळलाय. करोना नाही. मी सुटले. त्यांच्यासाठी सुटले, नि.साठी सुटले, आणि खोटं आता सांभाळायचं नाही म्हणूनही. हे शेवटचं लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.
नि. बोलत नाही. सायकल घेऊन गेला.

सोम., २० एप्रिल
नि. आज बोलला. भांडी घासताना, माझ्याकडे पाठ करून.
"जानेवारीपासून?"
"हो."
"मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं होतं, माझ्या बायकोने एका दिवसात सोडलं."
मग म्हणाला, शनिवारी त्याला वाटलं होतं की आईला इथेच, परक्या मुलखात… मी जाऊन त्याच्या पाठीवर डोकं ठेवलं. हात साबणाचेच, पण त्याने मागे करून मला धरलं. रागावलाय अजून. रागावू दे. तो राग मला चालेल.

बुध., २२ एप्रिल
हे कसं लिहू.
नि. किराणा आणायला गेला होता. आई माझ्या खोलीत आल्या, दार लावलं. मला वाटलं, आता खरी झाडणार.
"डॉक्टरनं विचारलं ना, मी तंबाखू घेते का म्हणून. तू लगेच नाही म्हणालीस."
"हो मग?"
"मी गप्प बसले."
कळायला वेळ लागला. मिश्री. भाजक्या तंबाखूची, दात घासायची, तीच. चाळीस वर्षं. शाळेत गणित शिकवायच्या तेव्हाही, सकाळी एकदा आणि दुपारी घरी आल्यावर एकदा. बाबा गेल्यावर मुलाला सांगितलं, सोडली. इथे येताना मेतकुटाच्या पुड्यांत तीन डब्या घालून आणल्या. सहा आठवड्यांचा हिशोब. पाडव्याच्या दिवशी संपली.
म्हणून ती चिडचिड. म्हणून सकाळचा तो अर्धा तास, रिकामी डबी घेऊन, नुसता वास.
"आणि खरं सांगू? पहिले दोन दिवस ते लावलं ना, अंग हलकं हलकं वाटलं. फार बरं वाटलं. मी म्हटलं हॉलंडचं ग्लिसरीन भारी आहे बाई. म्हणून शनिवारी जास्त लावलं."
मला हसू आवरेना. त्याही हसल्या, पदराने डोळे पुसत. मग एकदम थांबल्या. "निनादला सांगू नको."
मी म्हटलं, आई, मी आत्ताच एका खोट्यातून बाहेर आलेय. मला दुसऱ्यात नेऊ नका. मी सांगणार नाही, पण त्याने विचारलं तर नाही म्हणणार नाही.
"पोरी," म्हणाल्या, "माझ्या वर्गात असतीस तर तुला पट्टी मारली असती. बाटलीवर चिठ्ठी नको लावायला?"

रवि., २६ एप्रिल
त्यांनीच सांगितलं. जेवताना, आमटी वाढता वाढता, बातमी सांगावी तशी. नि.चा घास तोंडाशी थांबला. एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे.
"म्हणजे या घरात निर्व्यसनी फक्त मीच?"
"तू रोज सहा कॉफ्या पितोस," आई म्हणाल्या.
तो उठून बाल्कनीत गेला. आम्ही दोघी ताटावर. बऱ्याच वेळाने आत आला, डोळे लाल, आणि म्हणाला, बाबांच्या वेळी मी लहान नव्हतो, पण कुणी मला काही विचारलं नाही. आता विचारतोय. सोडाल का? दोघी.
आई म्हणाल्या, बघते. मीही म्हटलं, बघते. खोटं बोलण्यापेक्षा बरं.

शनि., २ मे
उरलेली बाटली, कुप्या, सगळं खेमेन्तेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, कचरा केंद्रावर, घातक रसायनांच्या पिंपात दिलं. वेळ ठरवून जावं लागतं, दीड-दीड मीटरवर रांग. बाटलीवर मी मोठ्ठी चिठ्ठी लावली होती, तीन भाषांत. तिथल्या माणसाने वाचली, अंगठा दाखवला. हे आधी केलं असतं तर!
दुकान उघडलंय. तयार रस घेते, दरवेळी आधीपेक्षा कमी ताकदीचा. मिसळणं माझं काम नव्हे. नि.ला दर बाटली दाखवते. तो "हं" म्हणतो.
आई बडीशेप चघळतात. दिवसाला वाटीभर. चिडचिड आहे. मी त्यांना काही म्हणत नाही, त्या मला काही म्हणत नाहीत. दुपारी चारला, जेव्हा दोघींनाही नको नको होतं, तेव्हा कालव्यापर्यंत चालून येतो. परवा त्यांनी मला अपूर्णांकांची कोडी घातली. एकही सुटलं नाही.

शुक्र., ५ जून
आईंचं विमान. विशेष फेरी, कसंबसं तिकीट मिळालं. स्खिपोल विमानतळावर आत सोडेनात, बाहेरच निरोप. मास्क, वर प्लास्टिकची ढाल, त्यामुळे त्यांचा चेहरा दिसलाच नाही नीट. नि. रडला. मला म्हणाल्या, "तिथं गल्लीच्या तोंडाशी टपरी आहे. इथं नव्हती, म्हणून सोपं गेलं."
भीती वाटत होती त्यांना. मी पहिल्यांदाच बघितलं.

सोम., ८ जून
आजपासून शून्य. बासरी नि.च्या हातात दिली. काय करायचं ते तू ठरव, म्हटलं.

शुक्र., १९ जून
साताऱ्याहून फोन. आठवडा मुंबईत हॉटेलात काढला, मग घरी कोंडलेल्या, आज चौदा दिवस पुरे, दार उघडलं. तब्येत ठीक. सकाळीच शेजारच्या काकू खिडकीतून म्हणाल्या म्हणे, वहिनी, इतक्या दिवसांनी आलात, डबी आणून देऊ का?
"मग? काय सांगितलंत?"
"ते मी तुला सांगणार नाही. आधी तू तुझं सांग."
मी सांगितलं. अकरा दिवस झाले. बारावा आज संध्याकाळी कळेल, कारण आज दिवस वाईट गेलाय आणि नि. उशिरा येणार आहे.
पलीकडे त्यांनी पंखा बंद केला.
"मग संध्याकाळी फोन कर," म्हणाल्या. "माझाही आजचा दिवस अजून पार पडायचा आहे."