डावीकडची सीट

१२ जानेवारी

प्रिय ताई,

प्रभूमध्ये सलाम. आम्ही दोघं बरे आहोत, तुम्हीही असाल अशी आशा. भाऊजींचा गुडघा काय म्हणतो? तू शिवून पाठवलेला शर्ट मिळाला. कॉलर जरा तिरकी बसलीय. तुझ्या हातून असं कधी होत नाही, घाईत असशील. ही म्हणाली, मान वाकडी करून घाला म्हणजे सरळ दिसेल.

तर तू इतकी मागे लागलीस म्हणून मी पुरुषांच्या त्या सकाळच्या मंडळात जायला लागलो. ‘घरात कुढत बसतोस, चार माणसांत जा’ असं तू लिहिलंस, गेलो. आता माणसं कशी आहेत तेही ऐक.

मंडळ मंगळवारी भरतं, उजाडता उजाडता, चर्चच्या मागच्या खोलीत. खिडकी बंद होत नाही म्हणून सगळे कोट घालूनच बसतात. पाळकसाहेब गाणं वरच्या पट्टीत सुरू करतात आणि दुसऱ्या कडव्याला आम्हाला टाकून खाली येतात. एक मास्तर आहेत, निवृत्त झालेले. त्यांची बायको बरेच महिने अंथरुणाला खिळलीय. एक बेकरीवाला आहे, तो डोळे मिटले की घोरतो आणि आमेनला बरोबर जागा होतो. आणि एक न्हावी आहे. त्याला मी मनातल्या मनात वस्तरा म्हणतो. त्याच्यावर पुढे येतो.

इथली रीत अशी. प्रत्येकानं आपलं ओझं थोडक्यात सांगायचं. उजव्या हाताला बसलेल्यानं फक्त ‘घेतलं’ म्हणायचं. मग ते ओझं त्याचं, मूळ मालक ‘उतरलं’ म्हणेपर्यंत. घेणाऱ्यानं त्याचं काय केलं, गुडघे टेकले की झोपा काढल्या, हे विचारायचं नाही आणि त्यानंही सांगायचं नाही. खोलीतलं बाहेर जात नाही.

मी दोन-तीन मंगळवार ‘काही नाही, देवाची कृपा’ म्हणून निभावून नेलं. पण गेल्या खेपेला मास्तर बायकोबद्दल बोलले, रडले नाहीत, नुसते बोलले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं. ताई, तुलाही आजच सांगतो. माझ्या डाव्या डोळ्याची बाजू गेलीय. समोरचं दिसतं, पण डावीकडचं धुक्यात असल्यासारखं. डॉक्टर काचबिंदू म्हणतात, थेंब दिलेत. हिला यातलं काही ठाऊक नाही, आणि कळता कामा नये. तू तर अजून सुईत दोरा ओवतेस, तुला काय कळणार म्हणा.

माझ्या उजव्या हाताला वस्तरा होता. ‘घेतलं,’ म्हणाला. दुसऱ्याच दिवशी सकाळी गडी मी चालवतो त्या बसमध्ये! पुढच्या दारातून चढला आणि डावीकडच्या पहिल्या सीटवर ठाण मांडून बसला. त्याचं दुकान त्याच्या घराच्या खालीच आहे. माझ्या मार्गावर त्याचं काय काम? शेवटच्या थांब्यापर्यंत आला, उतरला नाही, तसाच परत आला. तेव्हापासून रोज येतोय. मी आरशात बघतो तेव्हा तो रस्त्याकडे बघत असतो, साळसूदपणे.

आरशातून माणसं ओळखण्यात माझा जन्म गेला. विनाकारण कोणी कोणाच्या मागे बसत नाही.

तुझा,
धाकटा


९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सप्रेम सलाम. तुझं पत्र मिळालं. ‘दुचाकी हाकतोस का बस, याचा विचार कर’ हे वाचून हसू आलं आणि रागही आला. थेंब घालतोय ना मी! इतकी वर्षं एकाच रस्त्यावर चालवतोय, तो रस्ता मला डोळे मिटूनही पाठ आहे. तू बाबांचं उदाहरण देऊ नकोस. दिसेनासं झाल्यावर बाबा खुर्चीत बसले ते बसलेच. तू खिडकीशी उभी राहून त्यांना रस्ता सांगायचीस, ‘दूधवाला गेला, शाळा सुटली, समोरची काकू कोणाशी तरी भांडतेय.’ मला त्या खुर्चीत बसायचं नाही. एवढंच.

तुला संध्याकाळी दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं म्हणतेस, ते वयाचं असेल. शिवण कमी कर.

आता वस्तऱ्याचं ऐक. माझा संशय खरा ठरतोय. आमच्या डेपोचे पर्यवेक्षक त्याच्याकडे दाढी करतात, हे मला आता कळलं. मी स्वतः दारातून पाहिलं, पर्यवेक्षकांच्या तोंडाला फेस, मान मागे टाकलेली, आणि हा त्यांच्या कानाशी वाकून बोलतोय. मला बघून गप्प झाला. आठवडाही झाला नसेल, डेपोच्या फळ्यावर सूचना लागली: सर्व चालकांची डोळे तपासणी. आता बोल!

आणि बसमधली त्याची बडबड. आधी गप्प बसायचा, आता तोंडाला खळ नाही. ‘वा, काय सायकल हाणतोय बघा!’ ‘अरे, ही लाल छत्रीवाली बाई एवढ्या सकाळी कुठे निघाली?’ ‘ते कुत्रं आत्ता रस्ता ओलांडणार, लावा पैज!’ चालकाशी बोलू नये अशी पाटी त्याच्या डोक्यावरच आहे. म्हटलं, वाचता येतं का? तर म्हणतो, ‘मी कुठे तुमच्याशी बोलतोय, ड्रायव्हरसाहेब? मी आपला माझ्याशीच.’ माझं लक्ष उडवायचं, मी कुठे चुकतो ते बघायचं, आणि दाढी करता करता वर कळवायचं. घरचा भेदी बरा, हा तर देवाघरचा भेदी.

म्हणून मी एक युक्ती केली. मंगळवारी उठून उभा राहिलो आणि साक्ष दिली. म्हटलं, बंधूंनो, ओझं उतरलं, डोळा स्वच्छ झाला, प्रभूची स्तुती असो. म्हटलं, आता घे! सांग पर्यवेक्षकांना काय सांगतोस ते.

जे व्हायचं ते झालं. बेकरीवाल्यानं मला मिठी मारली, तो तर रडलाच. पाळकसाहेबांनी गाणं धरलं आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत पट्टीत म्हटलं. मास्तर मात्र जागचे हलले नाहीत. सगळे चहाला उठले तेव्हा जवळ आले, माझा हात दोन्ही हातांत धरला, म्हणाले, ‘घरी येऊन हिला हे सांगाल का? तुमच्याच तोंडून ऐकू दे. माझ्यावर तिचा विश्वास उरला नाही.’ मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? गडबडीत माझा कप टेबलाबाहेर पडून फुटला, कोणाचा तरी धक्का लागला असेल. तुकडे वस्तऱ्यानं गोळा केले.

आणि बुधवारी सकाळी पुन्हा त्याच सीटवर! मी उतरलं म्हटल्यावर त्याचं ओझं संपलं ना? मग आता कशाला येतो? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काही नाही. शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली तेव्हा मी त्याला सरळ सांगितलं, ‘उद्यापासून माझ्या गाडीत चढायचं नाही. चढलास तर हाताला धरून उतरवीन.’

‘बरं,’ म्हणाला आणि चालत निघून गेला.

आता जरा शांत वाटतंय. वाटायला पाहिजे, निदान.

तुझा,
धाकटा


२० फेब्रुवारी

प्रिय ताई,

सलाम. बाकीची विचारपूस या वेळी राहू दे. आधी हे सांगतो: कोणाला काही झालेलं नाही. असं समजूनच पुढे वाच.

मी ज्याला हाकललं त्याची सीट दुसऱ्या दिवशी रिकामी होती. बसमध्ये कोणी चकार शब्द काढत नव्हतं. मला शांतता हवी होती, ती मिळाली, आणि मला ती सहन होईना. दवाखान्याच्या वळणावर मी डावीकडे गाडी घातली. रस्ता मोकळा होता, म्हणजे मला मोकळा दिसला. तेवढ्यात मागून आवाज आला, ‘थांब! डावीकडे!’

मी ब्रेक दाबला. सगळी बस पुढे आदळली. खाली उतरलो तर गाडीच्या नाकाशी एक बाई उभी, हात पसरला तर पोचेल इतकी जवळ. बाळाची ढकलगाडी दोन्ही हातांनी मागे ओढून धरलेली. बाळ झोपेतच होतं. ताई, मी तिला पाहिलं नव्हतं. पाहून चुकलो असं नाही, माझ्यासाठी ती तिथे नव्हतीच.

मागे वळलो तर बसच्या मधल्या दांड्याला धरून वस्तरा उभा. कानटोपी भुवयांपर्यंत ओढलेली. मी हाताला धरून उतरवीन म्हटलं होतं म्हणून मागच्या दारानं चढला होता.

मी चावी काढली, उतारूंना मागच्या बसमध्ये बसवलं, डेपोत फोन केला. मग आम्ही दोघं रिकाम्या बसच्या पायरीवर बसलो. मी विचारलं, पर्यवेक्षकांना काय सांगितलंस?

‘केस विरळ व्हायला लागलेत, हे सांगितलं,’ म्हणाला. ‘हळू बोलावं लागतं, गिऱ्हाईकाला राग येतो. तपासणी दरवर्षी याच दिवसांत असते ना तुमची?’

असते, ताई. दरवर्षीच असते. मी विसरलो नव्हतो, मला आठवायचं नव्हतं.

‘आणि उतरलं म्हटल्यावर का आलास?’

‘तुम्ही कप टेबलावर ठेवलात तेव्हा तिथे टेबल नव्हतं. डावीकडे वीतभर बाहेर सोडलात. धक्का कोणीच मारला नव्हता.’

तेव्हा माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. सायकलवाला, लाल छत्रीची बाई, कुत्रं. सगळी डावीकडची. उजवीकडच्या एकाही माणसाबद्दल तो कधी अक्षर बोलला नव्हता. बाबांना तू खिडकीतून रस्ता सांगायचीस, तसा हा मला सांगत होता, आणि मी त्याला पाटी वाचायला लावत होतो. रोज सकाळी दुकान बंद ठेवून. त्याची नेहमीची गिऱ्हाइकं समोरच्या न्हाव्याकडे गेली, हे मला नंतर बेकरीवाल्याकडून समजलं.

पण मी कसा आहे तुला माहीत आहे. उपकार पचवणं मला जमत नाही. मी त्याच्यावरच उखडलो. म्हटलं, तोंडावर सांगायचं होतंस! डेपोत सांगायचं होतंस! त्या बाळाला काही झालं असतं तर?

त्यानं कानटोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. ‘हो,’ म्हणाला. ‘सांगायलाच हवं होतं. खोलीतलं बाहेर न्यायचं नाही असा शब्द दिला होता, नि गप्प बसवत नव्हतं. दोन्ही जमेल असं एवढंच सुचलं. चुकलंच माझं. तुम्ही आज डेपोत फोन केला नसता तर मी केला असता.’

त्यानं चुकलं म्हटलं आणि मला रडू आलं. कारण डॉक्टरांनी ‘काय काम करता?’ विचारलं तेव्हा मी ‘कारकून’ म्हणालो होतो. हे मी तुलाही लिहिलं नव्हतं.

नोकरीचं सांगतो. गाडी गेली. खिडकीवर बसून पास देण्याचं काम देतायत, बघू. हिला सांगितलं. ती आधी दोन दिवस बोलली नाही, आणि मग बोलायची थांबेना. ते परवडलं.

मंगळवारी मंडळात उभा राहिलो आणि साक्ष खोटी होती म्हणून सांगितलं. मास्तरांच्या घरी मी जाऊन आलो होतो, ताई. त्यांच्या बायकोनं माझा हात आपल्या कपाळावर ठेवून घेतला होता आणि मी तो ठेवू दिला होता. मास्तर उठले. मला वाटलं, निघून चालले, आणि जायलाच हवं होतं त्यांनी. पण माझ्या उजव्या हाताची खुर्ची रिकामी होती, तिच्यात येऊन बसले. माझ्याकडे बघितलंही नाही. खिडकीकडे तोंड करून ‘घेतलं,’ म्हणाले. मला अजून त्यांच्याशी बोलायचा धीर होत नाही.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. आत्तापर्यंत इकडचं तिकडचं लिहीत आलो, कारण हे लिहायला हात धजत नव्हता.

पहिल्याच दिवशी डॉक्टर म्हणाले होते, हे रक्तात असतं. वडिलांना होतं, तुम्हाला आहे, भावंडं असतील तर त्यांना लगेच तपासायला सांगा, वेळेत कळलं तर उरलेली नजर राखता येते. मी तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ‘तुझ्या डोळ्याला काय झालं’ म्हणून तू विचारलं असतंस. मग पहिल्या पत्रात डोळ्याचं सांगून बसलो तेव्हा तरी सांगायचं! तर मी तुझ्या सुईदोऱ्याची थट्टा केली. तू दिव्याभोवतीच्या कड्याबद्दल लिहिलंस, तेव्हा मला कळलं होतं, ताई. वाचताक्षणी कळलं होतं. तरी वय म्हणालो. खोलीतलं बाहेर गेलं म्हणून मी जगावर डूख धरून बसलो होतो, आणि जे तुझ्यापर्यंत जायलाच हवं होतं ते दाबून ठेवणारा मीच.

ते कडं वयाचं नाही. कॉलर घाईमुळे तिरकी झालेली नाही. हातातलं शिवण खाली ठेव आणि भाऊजींना घेऊन आजच्या आज डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. बाबांना होतं, भावाला आहे, हे त्यांना सांग. काय काम करतेस ते खरं सांग.

माझ्यावर रागव, पण तपासून आल्यावर.

शनिवारी सकाळच्या बसनं मी येतोय, दुसऱ्या कोणीतरी चालवलेल्या. तुझं ओझं मी घेतलंय, उशिरा घेतलंय. स्टँडवर न्यायला येशील ना? आलीस तर माझ्या उजवीकडून ये, म्हणजे मला दिसशील.

तुझा,
धाकटा