थॉर्नगिल हॉलची बुजवलेली खिडकी

मी, ईडिथ मॉड सग्डन, वय एकोणऐंशी, राहणार गेटवरची कॉटेज, थॉर्नगिल हॉल, यॉर्कशायर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नसते असे वकील पिकर्सगिल म्हणतात. मला कुणी धाक घातलेला नाही. तेवढी सवड आता माझ्यासाठी कुणाकडे नाही. यापूर्वी काही लिहून ठेवले असेल तर ते रद्द समजावे.

१. मला खाली नेदरगिलच्या चर्चच्या आवारात पुरावे. हॉलच्या बागेत नको. त्रेचाळीस वर्षे त्या घरातून बघायला येणाऱ्या लोकांना फिरवले, पुरे झाले. हॉल चालवणाऱ्या समितीने माझ्या नावाने बागेत बाक ठेवू नये. सहा महिन्यांत कुणालातरी मी त्यावर बसलेली दिसेन.

२. पुतण्या क्लाइव्ह याला भिंतीवरचे घड्याळ. नाताळला येतो तेव्हा तो त्याच्याकडेच बघत असतो. बँकेतली शिल्लक चर्चच्या छपराला. नक्षीवरची धूळ झटकायचा माझा पिसांचा झाडू समितीचे अध्यक्ष रूपर्ट थ्वेट यांना द्यावा, म्हणजे तो कसा धरतात हे त्यांना कळेल. उरलेले सगळे क्लाइव्हला.

३. ही कॉटेज हॉलचे जुने मालक कर्नलसाहेब यांनी मला कायमची लिहून दिली आहे. ती ॲग्नेस ओल्डरॉइड हिला मिळावी. ती सध्या खाटकाच्या दुकानावरच्या भाड्याच्या खोलीत राहते आणि तिथे भिंतींना ओल येते. तिलाच का, ते पुढे लिहिते.

४. माणूस गेल्यावर कोर्टात मंजूर झालेले मृत्युपत्र कुणालाही मागवून वाचता येते, हे पिकर्सगिलांनी सांगितले तेव्हा मी ठरवले की कबुली इथेच द्यायची. समितीकडे दिली तर ती कपाटातच राहील.

हॉल बघायला लोक येतात ते एका कादंबरीमुळे. तिच्या लेखिका पूर्वी कधीतरी इथे दोन दिवस राहिल्या होत्या. सर्दीमुळे खोलीबाहेरही पडल्या नव्हत्या म्हणतात, तरी पुढे कादंबरीत असेच घर आले आणि त्यात भूत आले. त्यामुळे लोक दारातच विचारत, भूत कुठल्या खोलीत आहे?

१९५३च्या मे महिन्यात ब्रॅडफर्डहून आलेल्या एका बाईंनी वरच्या मजल्यावरची बुजवलेली खिडकी दाखवून कारण विचारले. खरे कारण असे की पूर्वी सरकार खिडक्या मोजून कर घेई, म्हणून मालकांनी आठ खिडक्या विटा लावून बंद केल्या. हे मी रोज सांगायचे आणि लोक चहाच्या खोलीकडे बघायचे. त्या दिवशी माझे पाय फार दुखत होते. मी म्हणाले, एका मोलकरणीने मालकिणीचे तान्हे बाळ तळ्यात बुडवले, तिला त्या खोलीत कोंडून खिडकी चिणली. चहाच्या खोलीकडे कुणी बघेना. मग बाईंनी नाव विचारले. नोकरांच्या जुन्या वहीत १८४६ साली अचानक थांबलेले एक नाव मला आठवले, ते मी सांगून टाकले. टॅमसिन ओल्डरॉइड.

नेदरगिलमध्ये ओल्डरॉइडांचे एकच घर होते. ॲग्नेस त्या घरातली; शाळेत ती माझ्या शेजारी बसे. हे माझ्या लक्षात आले ते नाव तोंडातून गेल्यावर.

पुढे ती गोष्ट माहितीपुस्तकात छापली, खिडकीखाली पाटी लागली. ॲग्नेस गावची सुईण होती. आधी दुकानात थट्टा झाली, मग त्या वर्षी तीन बायकांनी शेजारच्या गावची सुईण बोलावली. ॲग्नेस माझ्या स्वयंपाकघरात आली, खुर्चीवर बसलीसुद्धा नाही. म्हणाली, "ईडी, हे तुझ्या मनाचं आहे एवढं एकदा लोकांसमोर म्हण. मला बाकी काही नको." मी तिला म्हणाले, चार दिवसांत विसरतील गं. ती लीड्सला निघून गेली आणि पेन्शन लागल्यावरच परतली. तेव्हापासून रस्त्यात दिसली की ती पलीकडच्या बाजूने जाते.

आता खरे लिहिते. टॅमसिन आई आजारी पडली म्हणून नोकरी सोडून घरी गेली. ॲग्नेसच्या पणजोबांची ती बहीण. लग्न केले नाही, भावाची मुले आणि नातवंडे वाढवली. ॲग्नेसच्या वडिलांना तिनेच चालायला शिकवले. १९०२ साली चौऱ्याहत्तराव्या वर्षी आपल्या अंथरुणात वारली. चर्चच्या नोंदवहीत तिच्या मृत्यूची तारीख आणि वय आहे. हॉलमध्ये कुठलेही मूल कधी बुडाले नाही. नोंदवही मी १९५४ सालीच पाहिली होती, आणि पाहूनही पाटी तशीच राहू दिली. मला याची लाज वाटते.

५. पाटी काढावी. थ्वेट म्हणतील, भूत गेले तर माणसे कशाला येतील. येणाऱ्या माणसांना खिडक्यांवरच्या कराची गोष्ट सांगा. नाही आली तर नाही आली.

६. हे कलम आज सकाळी वाढवले. वरचा मजकूर मी ॲग्नेसला वाचायला पाठवला होता. आज साक्षीला पोस्टातल्या बाई यायच्या होत्या, त्यांच्याऐवजी दारात ॲग्नेस उभी. म्हणाली, सही मी करणार. पिकर्सगिलांनी तिला समजावले की साक्षीदाराला मृत्युपत्रातले काहीही मिळत नाही; सही केली की कॉटेज गेली.

"कळतं मला," ती म्हणाली. "त्या घरात मी राहून राहून किती वर्षं राहणार? हा कागद राहील. त्याच्याखाली ओल्डरॉइड नाव दिसू दे."

मी म्हणाले, "ॲगी, त्या ओलीत मरशील तू."

"तू सही कर आणि गप्प बस. चाळीस वर्षं बोलत होतीस."

म्हणून कलम ३ निकामी झाले. कॉटेज क्लाइव्हला जाईल. नवा कागद करू असे पिकर्सगिल म्हणत होते, पण ॲग्नेस ऐकेना आणि मी दमले आहे.

थॉर्नगिल, १४ नोव्हेंबर १९९४.

सही: ईडिथ मॉड सग्डन

हिने आम्हा दोघांच्या देखत सही केली, मग आम्ही तिच्या देखत केल्या:

हॅरल्ड पिकर्सगिल, वकील, स्किप्टन

ॲग्नेस ओल्डरॉइड, सुईण, नेदरगिल