चौघांपुरतं वाचन

१२ नोव्हेंबर २००६, रविवार. नारायणगाव

आमच्या ईमेल-ग्रुपवर टाकायचा पहिला मजकूर आधी इथे लिहून ठेवतो. तिथे इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायचं, म्हणजे निम्मा जोर तिथेच गळणार.

"नोकरीत, दुकानात आणि संसारात अडकलेल्या मोठ्या माणसांनो! आपली सगळ्यांची तक्रार एकच आहे. मिशा फुटल्या त्या दिवसापासून आपल्याला कोणी गोष्ट सांगितलेली नाही. परिपत्रकं वाचायला दिली, बाजारभाव वाचायला दिले, औषधांच्या बाटल्यांवरच्या सूचना दिल्या. बास झालं. आजपासून आपण एक गोष्ट वाचणार, आणि तिचा कोणालाही काडीचा उपयोग होणार नाही!"

पारसच्या दुकानामागच्या कॉम्प्युटरवर बसून टाकलं. तासभर लागला. 'श' आणि 'ष' वरून स्वतःशीच भांडलो.

आम्ही चौघं. सरकारी नोकरांवर सक्तीचा कॉम्प्युटर कोर्स आला तेव्हा इथल्या क्लासात ओळख झाली. मी ज्युनियर कॉलेजचा मास्तर. पारस हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकायला आलेला, त्याचं सुतळी-तार-बांबूचं दुकान. सुमन सिस्टर, उपकेंद्रातली नर्स, आता बदली होऊन लोणीला आई-भावांकडे. आणि अजित, खोडदच्या रेडिओ-दुर्बिणीवरचा मेकॅनिक, शनिवारी आम्हाला शिकवायचा. कोर्स संपला, वाद घालायची सवय राहिली.

पुस्तक जुन्नरच्या रद्दीतलं. कव्हर नाही, पहिली चार पानं नाहीत, म्हणजे नाव नाही नि लेखकही नाही. गावावर रुसलेली एक विहीर सकाळी उठते, दोराचा फेटा बांधते आणि चालू लागते. चौदा प्रकरणं. आम्ही नुसतं 'विहीर' म्हणतो.

१९ नोव्हेंबर, रवि.

सुमनचं उत्तर: "सर, मला मिशा न्हाईत. मी यात हाय का न्हाई?"

माफी मागितली. चक्क लेखी.

पद्धत ठरली. दर आठवड्याला एका प्रकरणाची झेरॉक्स. पारसला हातात, अजितला खोडदच्या जीपवाल्याबरोबर, सुमनला मंचरच्या एसटीने. ती शनिवारी मिटिंगला मंचरला येते, तिथल्या सायबर कॅफेत बसते. चौघांनी 'वाचलं' लिहिल्याशिवाय पुढचं पान कोणी उघडायचं नाही. हा नियम अजितचा.

मूळ पुस्तक माझ्याकडे, म्हणून माझ्यावर कोणाचाच विश्वास नाही. पारसने उरलेली पानं सुतळीने बांधून दिली. "ही गाठ आमच्या आजोबांची आहे, सर. पुन्हा तशीच बांधता येणार नाही तुम्हाला. सुटली की कळंल." म्हणजे दर आठवड्याला दुकानात जाऊन त्याच्याकडून सोडवायची, झेरॉक्स काढायची, पुन्हा बांधून घ्यायची. बायको म्हणाली, "बरं झालं. घरात तुम्हाला कोणीतरी बांधून ठेवायलाच हवं होतं."

१० डिसें.

प्रक. ४. विहिरीमागून निघालेला बगळा तलाठी आहे, प्रत्येक ढगाचा उतारा मागतो. हसून ठसका लागला.

मी ग्रुपवर दोन पानं लिहिली: ही विहीर म्हणजे पाण्यावरचा हक्क, बगळा म्हणजे सत्ता, लेखकाला क्रांती म्हणायचीय!

पारस: "सर, विहिरीच्या फेट्याला दोर किती हाताचा लागला ते लिहिलं नाही त्यांनी. आमच्याकडं सगळ्या मापात आहे."

अजित: "सर, आकाशातलं ऐकायचं तर आजूबाजूचं गप रहावं लागतं. आमच्या तिथं साधा मोबाइल चालू केला तरी खडखड येती. तुमी पयलं नुसतं ऐका ना राव."

सुमन: "मला बगळा आवडला. गरीब हाय बिचारा."

रात्रभर चरफडलो. गप्प राहून जगात काही बदललं आहे का कधी?

४ फेब्रुवारी २००७, रवि.

प्रक. ९. विहीर एका बुडालेल्या घरापाशी पोचते. पाण्याखाली दिवा चालू, मासे पाळीपाळीने केर काढतात, कारण घरवाले अचानक आले तर? एवढंच प्रकरण. तीन पानं.

पारस वाचलं. अजित वाचलं, "लई भारी". मी वाचलं.

सुमनचं काल आलं. जसंच्या तसं उतरवतो:

"वाचलं. आमचं गाव धरणात गेलं तेव्हा दादानं दाराची चौकट काढून आणली. उंबरा दगडी, तो न्हाई निघाला. मे महिन्यात पाणी खाली जातं तेव्हा आई मावशीकडं जाते सांगून निघते, तीन गाड्या बदलून तिथं जाते, उंबऱ्यावरचा गाळ काढते, झाडून घेते आणि उजवा पाय टाकून आत जाते. आत म्हणजे काय, चिखल. मला एकदाच नेलं होतं. भावांना माहीत न्हाई. तुमाला चौघांपुरतं सांगते. त्या माशांमुळं आठवलं."



मी उतरवून घेतलं. खाली भाषणाच्या मुद्द्यांच्या कार्डावर: उंबरा. झाडू. उजवा पाय. — वापरण्यासारखं.

११ फेब्रु.

लोणी, पूर्वेकडची गावं, मंचर, सगळीकडून माणसं येणार पुढच्या रविवारी. धरणाला जमिनी दिलेल्यांची सभा. बारा वर्षांपूर्वी इकडे आणून बसवलं, कालव्याचं पाणी शेजाऱ्याच्या रानात जातं, यांच्या रानात नाही. मुख्य वक्ता मी. प्रक्षोभ खरा आहे, आकडे आहेत, कागद आहेत. पण आकड्यांनी सभा उठत नाही, हे मी वीस वर्षं पाहतोय.

दहावं प्रकरण घेऊन आलो. झेरॉक्स पाठवली. घरात उभ्याने जेवलो.

१८ फेब्रु., रवि. मंचर

सभा उठली. अक्षरशः उठली, उभी राहिली.

नाव घेतलं नाही. "लोणीत एक म्हातारी आहे" एवढंच म्हणालो. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्याला लावला. एक म्हातारा स्टेजवर येऊन पायावर डोकं ठेवायला लागला, त्याला धरलं. कालवा खात्याच्या साहेबांनी पंधरा दिवसांत पाहणी लावतो म्हणून जाहीर कबूल केलं. बारा वर्षांत पहिल्यांदा.

घसा बसला आहे. झोप नाही. आनंदाने की कशाने

२५ फेब्रु.

प्रक. १०. पारस, अजित, मी: वाचलं. सुमनचं नाही.

मिटिंग झाली नसेल मंचरला.

४ मार्च, रवि.

सुमनचं नाही. एसटीवाला म्हणतो पाकीट दिलं, हातात दिलं.

दुकानात गेलो. पारस गिऱ्हाईक सोडून मागे आला, हे तो कधी करत नाही. "सर, तुम्ही सभेत ते उंबऱ्याचं बोललात?"

"नाव नाही घेतलं."

"लोणीत धरणातनं आलेली घरं किती, सर? त्यात मे महिन्यात बहिणीकडं जाणारी म्हातारी किती?"

उत्तर तयारच होतं. पाणी मिळणार आहे, शेकडो घरांना मिळणार आहे, एका गोष्टीने ते झालं, ती गोष्ट लपवून कोणाचं भलं होणार होतं? माझा आवाज चढला. बांबू घ्यायला आलेले दोघं आत डोकावले.

पारस म्हणाला, "सभा नाही ही, सर. मी एकटाच आहे."

१८ मार्च, रवि. लोणी

गेलो. न विचारता.

सुमन उपकेंद्राच्या पायरीवर होती. आत बोलावलं, पाणी दिलं. माझी तयारी झाली होती, जीपमध्ये तीनदा म्हणून पाहिलं होतं. तिने सुरूच करू दिलं नाही.

"भाषण चांगलं झालं म्हनं."

"सुमन..."

"चांगलंच झालं असंल. पाहणीवाले येऊन गेले. कालव्याच्या खुणा-बिणा केल्या. दादा बी म्हनला, सरांमुळं झालं." "आन घरी येऊन आईला म्हनला, बारा वर्सं आमी ह्या घराचा उंबरा पुजतो, सणाला हळद-कुंकू लावतो, आन तू तिकडं चोरून झाडू मारती? मंग हे घर कुनाचं, परक्याचं?"

"तिने काय म्हटलं?"

"काय म्हननार. झाडू ठेवून दिला. आता हितलं अंगण बी झाडत न्हाई."

मी म्हणालो, मी येऊन दादाशी बोलतो.

"नको सर. तुमी बोलू नका."

परतीच्या जीपमध्ये एकाने ओळखलं. "सर, तुमीच ना ते? काय बोलला राव, अंगावर काटा आला." शेजारच्याला सांगू लागला. उंबरा, झाडू, उजवा पाय. त्याच्या गोष्टीत म्हातारी रडत होती. माझ्या गोष्टीतही ती रडत होती. सुमनने कुठेही तसं लिहिलेलं नव्हतं.

८ एप्रिल

सात रविवार. दहाव्या प्रकरणावर अडकलोय.

पारस ग्रुपवर: "तिघंच पुढं जायचं का? निदान विहिरीचं काय झालं ते तरी."

अजित: "ती नाय तर नाय."

पारस: "बरोबर. उगाच विचारलं."

मी तीनदा टाइप केलं, तीनदा खोडलं. जे लिहीन ते भाषण होतं. माफीसुद्धा टाळीच्या जागेवर येऊन थांबते. कपाटातलं पुस्तक दिसतं, घरभर फिरतो. बायको म्हणाली, "एवढं वाटतंय तर सभा घेऊन माफी मागा." टोमणा होता. मी दोन मिनिटं खरंच विचार केला.

मुद्द्यांची कार्डं काढून बसलो. वीस वर्षांची. 'शिरोलीची विधवा.' 'ऊस जळालेला पोरगा.' 'हात गेलेला हमाल.' यातल्या कोणाला मी विचारलं होतं? एकालाही आठवत नाही.

पण त्या विधवेला जमीन परत मिळाली होती. हेही खरं आहे. यातलं कोणतं खरं मोठं, ते

२९ एप्रिल, रवि.

धरणग्रस्तांच्या समितीचे तिघे आले. पाहणी झाली, पण काम सुरू नाही. पावसाळ्याच्या आत दबाव आणायचा. मोठा कार्यक्रम ठरवलाय: पाणी ओसरलंय, बुडालेलं गाव वर आलंय. तेरा तारखेला चार जीप काढायच्या, पेपरवाले न्यायचे, म्हातारीला त्या उंबऱ्यावर उभं करायचं, तिच्या हातात झाडू. सहा तारखेला मंचरच्या सभेत मी ते जाहीर करायचं.

"म्हातारीच्या पोराशी बोललो आमी. तो तयार हाय. म्हनला, असंच असंल तर सगळ्यांसमोर होऊ द्या."

"आणि म्हातारी?"

"ती काय बोलतच न्हाई. म्हंजी हरकत न्हाई."

चहा दिला. विचार करून सांगतो म्हणालो. मी, विचार करून! जाताना एकजण हसत म्हणाला, "सर, तुमचीच आयडिया ही, आमी फक्त जीपा आणल्या."

२ मे, बुध.

अजित खोडदहून मोटरसायकलवर आला. त्याला सगळं सांगितलं. मध्ये न बोलता ऐकून घेतलं, त्याला ते जमतं. मग म्हणाला, "सर, लोकं तुमच्याच शब्दावर जीपा काढणार. तुमच्याच शब्दावर थांबतील बी. दुसऱ्या कुनाच्या न्हाई थांबणार."

"का थांबायचं, हे विचारतील."

"ते सांगितलं की पुन्हा तेच झालं ना."

तोच पेच. म्हातारीला एकटीला जाऊ द्या, ती तिथे असं असं करते, तिला लाज वाटते, मुलगी दुखावली: हे सांगितलं तर सभा हेलावेल, मला ठाऊक आहे कुठे हेलावेल. म्हणजे दुसऱ्यांदा तिला स्टेजवर उभं केलं. कारण न देता सांगायचं. गोष्ट नाही, उदाहरण नाही, म्हातारी नाही. कालव्यासाठी कागद आहेत, आकडे आहेत, तेवढेच वाचायचे. सभा बसूनच राहील. कदाचित ओरडतील. समितीवाले म्हणतील सर फुटले, साहेबांनी विकत घेतले. पाणी कदाचित आणखी एक वर्ष पुढे जाईल, आणि ते मात्र माझ्या माथी खरंच असेल.

५ मे, शनि.

आज ग्रुपवर एक ओळ टाकली: "सुमन, तुझं मी सभेत वापरलं. विचारलं नव्हतं." उद्गारचिन्ह न देता लिहिलेली माझी पहिली ओळ असावी.

तिचं उत्तर नाही. कॅफेत आली होती की नाही, माहीत नाही. उद्या ती सभेला येणार नाही, भाऊ येणार आहे, पुढच्या रांगेत.

६ मे, रवि. सकाळ

सभा चारला. कार्ड एकही घेतलेलं नाही. कालव्याची फाइल घेतली आहे. शेवटी जे म्हणायचं ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे स्टेजवर गेल्यावर त्यात भर घालायचा मोह झाला तर निदान कुठे थांबायचं होतं ते मला ठाऊक असेल:

"धरणाला घरं देऊन इकडे आलेल्या माझ्या माणसांनो, कालव्यासाठी उद्यापासून मी तुमच्याबरोबर कचेरीच्या दारात बसतो. पण तेरा तारखेला जुन्या गावाकडे जायचं नाही. कारण विचारू नका, मी देणार नाही. जीपा रद्द करा. कोणीही जाऊ नका."