कळण्याच्या चिठ्ठ्या

५ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, मी सोडून.

काकूच्या पत्रातून कळलं की घड्याळांचं दुकान बंद केल्यावर बाबा रोज इंग्रजी शिकतात, आणि तेही तुझ्याकडून. शाळेत जिने इंग्रजीत तीनदा गटांगळ्या खाल्ल्या ती आता मास्तरीण, आणि सतरा वर्षं इंग्रजी शिकवून मुख्याध्यापिका झालेली मी इथे कोपऱ्यात. तुला हसू येईल, पण माझा जळफळाट झाला आहे आणि तो मी लपवणार नाही.

दोन वर्षं झाली, बाबांच्या हातची एक ओळ मला आलेली नाही. तुझ्या पत्राच्या तळाशी 'बाबांचे आशीर्वाद' एवढंच येतं. त्यांना महिनाभर माझ्याकडे पाठव. खिडकीजवळची खोली रिकामी केली आहे. शिकायचंच तर नीट शिकावं.

तुझं मागचं पत्र सोबत परत पाठवते. अकरा ठिकाणी लाल खुणा केल्या आहेत. आधीपेक्षा चार कमी, त्याबद्दल शाबासकी.

लोभ आहेच, त्यातला थोडा माझ्याही वाट्याला येऊ दे.
तुझी ताई

१४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लाल खुणा पोचल्या, जळफळाटही पोचला. खरं सांगू, मला बरं वाटलं. आजवर जळायचं काम मी एकटीच करत आले. दुकानात गिऱ्हाईक आलं की बाबा आधी भिंतीवरचं तुझं प्रमाणपत्र दाखवतात, मग त्याचं घड्याळ हातात घेतात. ते घड्याळ दुरुस्त करणारी मी तिथेच डोळ्याला भिंग लावून बसलेली असते, पण माझी ओळख करून द्यायचं त्यांना कधी सुचलं नाही.

आणि मी शिकवते कसली, कोशातला अर्थ वाचून दाखवते. बाबा घड्याळांना बांधायच्या चिठ्ठ्यांवर एकेक शब्द लिहून खिळ्याला अडकवतात. परवा आमची गाडी अडली. नोटिस, फाइंड आउट, रिअलाइज, तिन्हींना मी 'कळणं' सांगितलं. बाबा म्हणाले, एका कामाला तीन माणसं कोण ठेवील. थोडा वेळ विचार करून त्यांनीच सोडवलं. घड्याळ मागे पडतंय हे हातात घेताच दिसलं, ते नोटिस. उघडून कारण शोधून काढलं, ते फाइंड आउट. आणि ते आपल्याच हातून बिघडलं होतं हे गिऱ्हाईक निघून गेल्यावर मनाला लागलं, ते रिअलाइज.

तुझ्याकडे यायचं विचारलं, तर नको म्हणाले. कारण मला माहीत आहे, पण सांगणार नाही असं कबूल केलं आहे.

माया पातळ करू नकोस.
तुझी धाकटी

२२ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

बाबांचा तो खुलासा मी वर्गात सांगितला. मुलींना एका दमात कळला. मला सतरा वर्षांत असं काही सुचलं नाही, आणि त्यांना सुचलं ते तुझ्याशेजारी बसून, याचाही मला हेवा वाटला.

पण तुम्ही दोघं गट्टी करून माझ्यापासून काहीतरी लपवता, ते मला सहन होत नाही. जे असेल ते लिही, नाहीतर शाळा टाकून मी येते. तुझं पत्र खुणा करून सोबत.

राग आहे, लोभही आहे.
ताई

१ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शब्द मोडते आहे. तू मुख्याध्यापिका झालीस तेव्हा बाबांनी तुला इंग्रजीत चार ओळी लिहिल्या होत्या. तीन दिवस कोश घेऊन बसले होते. ते पत्र तू परत पाठवलंस, चौदा लाल खुणा करून, खाली 'प्रयत्न चांगला' असा शेरा मारून. तुझ्या मनात काही नव्हतं हे मला ठाऊक आहे. तू किराण्याची यादीसुद्धा सुधारशील.

बाबा रागावले नाहीत, ताईचं बरोबर आहे म्हणाले. ते पत्र त्यांनी हत्यारांच्या खणात ठेवलं, आणि लाल खूण होणार नाही असं लिहिता येईपर्यंत तुला लिहायचं नाही, तुझ्यासमोरही जायचं नाही, असं ठरवलं. म्हणून हा वर्ग. रोज तासभर शेजारी बसते मी, आणि सगळं चाललंय तुझ्यासाठी. आता सांग, जळायचं कुणी?

हे पत्र परत पाठवलंस तरी चालेल.
धाकटी

२८ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. खोली झाडून वाट बघत होते ती मी, आणि दार लावलं होतं तेही मीच. मग बाबांना एवढंच लिहिलं की मला तुमच्या हातचं पत्र हवं आहे, जसं येईल तसं.

काल आलं. इंग्रजीत, बारा ओळी. मुलीला न लिहून शिक्षा आपण आपल्यालाच केली, हे रिअलाइज झालं, असं लिहिलं आहे. वाचताना सवयीने हात लाल पेनाकडे गेला. टोपणही काढलं होतं. पुन्हा लावलं. चुका किती होत्या ते मोजायचं राहून गेलं.

पुढच्या महिन्यात ते येतात. मी त्यांना सांगितलं आहे की गिऱ्हाइकाला आधी तुझी ओळख करून द्या, मग माझं प्रमाणपत्र दाखवा. बाकी पत्रात काय आहे ते विचारू नकोस, सांगणार नाही. रोजचे बाबा तुझे आहेत, या बारा ओळी माझ्या.

लोभ मागत नाही, तुझा पुरून उरला आहे.
तुझी ताई

ता. क. सोबत काहीही परत पाठवलेलं नाही.