अकराव्या घटकेचं ग्रहण

नदीकाठचं देऊळ, कुंभ महिना, दिवस ३

तीर्थस्वरूप इट्टिच्चिरीताईस,
धाकट्या इक्कोरनचा शि. सा. न. वि. वि.

येत्या कुंभ बावीसला अमावास्या आहे आणि सूर्याला ग्रहण लागायचं आहे. ते कधी लागणार यावर इथे दोन मतं पडली आहेत. एक ओट्टप्लावु घराण्यातल्या मोठ्या नंबूदिरींचं, ते राजवाड्याचे ज्योतिषी. दुसरं माझं, मी देवळाचा शंख फुंकणारा मारार. ते म्हणतात, सूर्योदयापासून अकरा घटका झाल्या की स्पर्श. मी म्हणतो, बारा घटका वीस पळं. कोण बरोबर, हे सूर्याला विचारायचं सोडून लोक आमच्या जातींना विचारत बसलेत.

नंबूदिरींचे पणजोबा म्हणे त्या थोर गुरूंच्या पायाशी शिकले, ज्यांनी वर्तुळाचा परीघ काढताना एक तुकडा मिळवा, पुढचा वजा करा, असं करत करत अकरा अंकांपर्यंत मजल मारली. त्याच परंपरेत बजावून ठेवलंय की आकाशाशी जुळेना तर गणित दुरुस्त करा. पणतू त्या ताडपत्रांना रोज चंदन लावतो, इतकं की निम्मी अक्षरं बुजलीत. मागे मी ती पोथी नकलेसाठी मागून आणली, तर दोऱ्याची गाठ सोडायलाच मला अर्धी घटका लागली. दोन पिढ्यांत ती कुणी सोडलीच नसावी.

मी कुणाच्या पायाशी बसलेलो नाही. अठ्ठावीस वर्षं काजळ कालवलेल्या तेलाच्या परातीत सूर्य पाहिला, घटिकापात्राचं भोक चिंचेने साफ ठेवलं आणि चंद्रसूर्याची मिळून अकरा ग्रहणं मोजली. एकही जुन्या गणिताच्या वेळेवर आलं नाही, सगळी उशिरा. देवळाच्या कारभाऱ्यांना हे सांगितलं, तर ते म्हणाले की सूर्यच आळशी झाला असेल.

कळावे. तुझा लोभ आहेच, तो ताडपत्रासारखा कोरडा पडू देऊ नये ही विनंती.

तुझा
इक्कोरन


घरून, कुंभ ९

चिरंजीव इक्कोरनास,
अ. आ. वि. वि.

पत्र नावाड्याने भाताबरोबर आणून दिलं. भात मापात होता, पत्र नव्हतं.

माझ्या लेकीच्या गळ्यात ताळी बांधायच्या दिवशी तू चार पळांवरून पुरोहिताशी भांडलास, तोवर पायसावर साय धरली. ते या घरात अजून कुणी विसरलेलं नाही. आता तर तू राजवाड्याशी भांडायला निघालास. अरे, तू तिथे शंख फुंकतोस म्हणून देवळातून महिन्याला तीन परे मापून भात इथे उतरतो, आणि त्यावर नऊ तोंडं जेवतात. त्यांतल्या एकालाही वीस पळं म्हणजे किती ते ठाऊक नाही. भूक कधी लागली ते मात्र सगळ्यांना वेळच्या वेळी कळतं.

ते सांगतील त्या वेळेला ग्रहणाचा शंख फुंक आणि मोकळा हो. सूर्याचा अपमान झालाच तर तो बघून घेईल, त्याला नऊ तोंडं पोसायची नाहीत.

पोरीची पोरगी तुझी आठवण काढते. मोजमाप करणारे आजोबा कुठे आहेत, असं विचारते. माझे आशीर्वाद आहेत, ते मोजत बसू नकोस.

तुझी ताई
इट्टिच्चिरी


देवळातून, कुंभ १४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल नंबूदिरींनी बोलावणं धाडलं. मी अंगणात उभा, ते ओसरीवर झोपाळ्यावर. त्यांनी मला शांतपणे समजावलं की माराराने शंख फुंकायचा असतो, ग्रहण लावायचं काम त्यांचं आहे. मी अकरा ग्रहणांची टिपणं पुढे केली. त्यांनी ती न पाहताच विचारलं की माझे गुरू कोण. मी परात म्हटलं. ओसरीवरचे सगळे हसले, झोपाळासुद्धा करकरला.

निकाल असा झाला की अकराव्या घटकेला शंख वाजला नाही, तर तो अक्करे घरातल्या चेक्कू माराराकडे जाईल, आणि शंखामागोमाग भातही. हा चेक्कू म्हणजे ग्रहणात साप सूर्याला गिळतो असं मानणारा माणूस. सापाची लांबी किती, असं मी एकदा विचारलं होतं, तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.

तुझी नऊ तोंडं डोळ्यांसमोर आहेत. अकराव्या घटकेला फुंकीन. पण शंख दिवसातून एकदाच फुंकावा, असं कुठल्याही पोथीत नाही. मी तपासलं आहे.

राग आला तरी माया कमी करू नये.

इक्कोरन


देवळातून, कुंभ २८

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

झालं ते क्रमाने सांगतो.

बावीसला अकरा घटका भरल्या आणि मी फुंकलं. सगळं गाव ग्रहणाच्या स्नानाला नदीत. कुंभात नदीला पाणी गुडघ्याएवढं, म्हणून बुडी मारायची तर आडवं व्हावं लागतं. वर सूर्य आख्खा, डोक्याला चटका बसेल असा. नंबूदिरी वाळूत बसून म्हणाले की स्पर्श सूक्ष्म आहे, पुण्यवानांनाच दिसेल. झालं! राजवाड्याच्या कारकुनाला लगेच डाव्या अंगाला चावा दिसला. कोठीवाल्याला उजव्या अंगाला. दोघं पाण्यातच भांडले. काहीच दिसत नाही, असं म्हणणारा एकही पापी आख्ख्या नदीत निघाला नाही.

लोक वर आले, सुकी वस्त्रं नेसले. इकडे बारा घटका वीस पळं झाली आणि माझ्या परातीतला सूर्यही आख्खाच! ताई, मी पळं मोजत राहिलो. अडतिसाव्या पळाला कड खचली. मी फुंकलं.

निम्मे लोक सुक्या वस्त्रांनिशी परत नदीत पडले, निम्मे काठावर तोंडं बघत राहिले. एका म्हातारीने विचारलं की पुण्य कुठल्या बुडीचं धरायचं. नंबूदिरींनी जागच्या जागी ठरवलं की ग्रहण वेळेवरच होतं, शंख चुकला. संध्याकाळी तो चेक्कूच्या हाती गेला.

शंख गेल्याचं दुःख आहे. पण माझी झोप उडाली ती वीस आणि अडतिसामधल्या अठरा पळांनी. ती चूक माझी आहे, नंबूदिरींची नाही. टिपणात मी ती तशीच लिहिली.

आता पुढचं. आज नंबूदिरींचा माणूस अंधारात नव्हे, भर सकाळी आला. माझी अठ्ठावीस वर्षांची टिपणं त्यांना हवी आहेत, त्यांच्या पूर्वजांच्या नावाने नवी पोथी करायला. बदल्यात शंख परत, भात परत. अट एकच, अठरा पळांची ओळ खरडून टाकायची, कारण पूर्वज चुकत नसतात.

मी उत्तर दिलेलं नाही. भात तुझ्या घरात जातो, तेव्हा तू सांग. रागावून का होईना, पण लवकर लिही.

इक्कोरन


घरून, मीन ४

चि. इक्कोरनास,
अ. आ. वि. वि.

दोनदा फुंकलंस हे कळल्यावर पहिल्यांदा कपाळ बडवलं, मग त्या म्हातारीवर हसू आलं.

नाव देऊन टाक. तुझं नाव वाचणार होतं कोण? पण ती ओळ खरडू नकोस. मला गणित कळत नाही, पायस कळतं. लेकीला पायस शिकवताना माझं कुठे तळाला लागलं ते लपवलं, तर तीही तिथेच लावील. तुझ्यामागून कुणी मोजायला बसेल, त्याला कुठे लागलं ते कळू दे.

यावर ते नाही म्हणाले, तर भात राहू दे त्यांच्यापाशी. परसात सुरण आहे, नऊ जणांना दोन महिने पुरेल. पोरं तोंडं वाकडी करतील, करू देत.

तब्येत सांभाळ. सूर्याकडे कमी बघ, घराकडे जास्त.

ताई


देवळातून, मीन २०

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यावर मी कळवलं की चुकीसकट घ्या, नाहीतर शंख चेक्कूलाच लखलाभ. दोन दिवस निरोप येत-जात राहिले. राजवाड्यात पुढच्या ग्रहणाची वेळ द्यायचा दिवस जवळ आला होता, म्हणून शेवटी नंबूदिरींनीच तोड काढली. शंख माझ्याकडे आला आहे आणि तीन परे भात आजच्या नावेवर चढवला आहे.

नवी पोथी त्यांनी मला तपासायला दिली. तीत लिहिलंय की ओट्टप्लावुंच्या पूर्वजांना दिव्यदृष्टीने अचूक वेळ ठाऊक होती, केवळ विनयापोटी त्यांनी अठरा पळं कमी सांगितली. हे ऐकून चेक्कूच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी ते पान तीनदा ताडून पाहिलं. आकडे सगळे बरोबर उतरले आहेत.

मुलांना आशीर्वाद. तुझा लोभ या वेळी मोजलेला नाही.

इक्कोरन