साताऱ्याची शांतता

॥ श्री ॥
सातारा,
ता. ६ जानेवारी २०२५

प्रिय द्वारका हिस,
आशाचा सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच, ओल्या मातीवरून कोंबडी चालत गेल्यासारखं. तरी वाचता आलं, कारण तुझ्या शिव्या मला पाठ आहेत. शेजारच्या टॉवरच्या पायाचं मशीन दिवसभर धाडधाड करतं आणि तुझी दुपारची झोप गेली, हे वाचून वाईट वाटलं. तुमच्या चाळीत आम्ही भाड्याने राहत होतो तेव्हा राई गावात बेडकांशिवाय कोणी ओरडत नसे. आणि तू.

फोन करत जा म्हणतेस, पण माझ्या फोनमध्ये राम उरलेला नाही. माणूस विहिरीतून बोलतोय असं वाटतं. दुकानदाराला दाखवला, तर तोही तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. तेव्हा पत्रच बरं.

माझं ऐक, चार दिवस इकडे ये. पूर्वी इथेही गलबला असायचा, पण अलीकडे गाव फार सुधारलंय. माझ्या घरामागे मंगल कार्यालय आहे. पण लोक येतात, अक्षता टाकतात, जेवतात आणि शहाण्यासारखे निघून जातात. माणसं हळू बोलतात. चिमण्या तेवढ्या कमी झाल्या. मारुतीच्या देवळातली पहाटेची घंटाही पुजाऱ्याने आळसाने बंद केलेली दिसते. तक्रार एकच, कुकरची. शिट्टी म्हणून होत नाही. शिट्टी बदलली, रिंग बदलली, शेवटी कुकरच नवा घेतला. तोही मुका! वरण रोज करपतं.

नीरज बंगळूरहून दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो. मी हसते, मान डोलावते. त्याचं टुमणं तेच, की आई, एक जरी दुखणं निघालं तर घर विकायचं आणि इकडे यायचं. मी ठणठणीत आहे असं त्याला सांगत असते. हे घर सोडून त्याच्या विसाव्या मजल्यावर खिडकीत बसायचं म्हणजे जिवंतपणी फोटोत जाऊन बसण्यासारखं आहे. यांच्या हातची बाग इथे आहे, माझं सगळं इथे आहे.

असो. संक्रांत झाली की ये. येताना सुका जवळा आण, इथे मिळतो तो वाळूसारखा असतो. धर्मेश, सूनबाई पूर्वी आणि समीक्षाला आशीर्वाद. तुझा लोभ आहेच, तो पत्रातून न पाठवता बरोबर घेऊन ये.

तुझी
आशा


राई, भाईंदर (प.)
ता. १२ जानेवारी २०२५

श्रीमती आशाबाईला,
द्वारकेचा नमस्कार.

येतेय! पहिलं हे लिहून टाकते, मग बाकीचं.

घरात सांगितलं, मी साताऱ्याला जातेय. तर धर्मेशने हातातला चहा खाली ठेवला आणि विचारलं, कोण वारलं. त्याचं तरी काय चुकलं? आमच्यात बाई गावाबाहेर जाते ती लग्नाला, मयताला, नाहीतर एकवीरेच्या जत्रेला. मी म्हटलं कोणी वारलं नाही, मी आराम करायला जातेय. तेव्हा त्याला वाटलं की मलाच काहीतरी झालंय. पूर्वी लगेच डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्यायला निघाली. शेवटी समीक्षाने आईबापाला समजावलं की आजी हॉलिडेला चाललीय. इंग्रजीत सांगितलं की आमच्या घरात सगळं पटतं.

नातीने मला चाकांची बॅग आणलीय. काल गल्लीत ओढून बघितली, तर मागे कुत्रे लागले. आता सगळ्या राईला ठाऊक आहे. किनाऱ्यावरच्या चौक गावाहून मासेवाली येते तिने विचारलं, तिकडे काय काम काढलंस. म्हटलं काम नाही, बसायला जातेय. तिला काही ते कळलं नाही. पण जवळा मात्र तिने निवडून दिलाय. तीन पिशव्यांत बांधलाय, तरी धर्मेश म्हणतो की एसटीतून उतरवतील. उतरवू देत, पिशवी उघडून दाखवीन, अर्धी गाडी माझ्याबरोबर उतरेल.

दिराच्या आगरातलं थोडं मीठ उरलंय तेही आणतेय. आगर कधीच बुजलं, त्याच्यावरच ते मशीन धाडधाड करतंय. मीठ मी तुझ्या हातात देणार नाही, खाली ठेवीन, तू उचल. हातात दिलं तर भांडण होतं म्हणतात. आपल्याला त्यासाठी मिठाची गरज नाही ती गोष्ट वेगळी.

आता एकच काळजी. आराम करायचा म्हणजे नेमकं काय करायचं ते मला माहीत नाही. आयुष्यात कधी बसले ती निवडायला, सोलायला नाहीतर बाळंत व्हायला. तू शिकलेली, नोकरी केलेली, रविवार बघितलेली बाई. तू शिकव. मला फक्त झोपायचंय. तुझ्या त्या शांततेत मी दुपारभर अशी घोरेन की पुजारी परत घंटा सुरू करेल.

दोन रात्री झोप नाही, आणि या वेळी मशीनमुळे नाही. पंचाहत्तरी उलटलेल्या बाईने पोरीसारखं बोटांवर दिवस मोजायचे म्हणजे लाज आहे. कोणाला सांगू नकोस.

माया वाढव, आणि गुळाच्या पोळीवर तूप वाढताना हात आखडू नकोस.

द्वारका


सातारा,
ता. २१ जानेवारी २०२५

चि. समीक्षा हिला आजीचा आशीर्वाद.

काल फोनवर मुक्काम वाढलाय एवढंच सांगितलं. कारण सांगितलं नाही, कारण तुझा बाप स्पीकर लावतो, आणि तो व नीरज लहानपणचे लंगोटीयार. मी इथे शिंकले की तिकडे बंगळुरात रुमाल निघेल. म्हणून हे पत्र. वाच आणि गिळून टाक.

मी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मारुतीची घंटा अशी सुरू झाली की मला वाटलं आग लागली. मग भोंग्यावर आरती. मग भाजीचा टेम्पो, मग शाळेची पोरं. दहा वाजता मागच्या कार्यालयात बँड आणि त्यावर डीजे. भिंतीवरचा देव हलत होता. आणि ही बया ओसरीवर चहा पीत मला म्हणते, की बघितलंस किती शांत आहे! मला वाटलं चिडवतेय. मी पण म्हटलं, हो बाई, स्मशान आहे नुसतं.

पण मग बघायला लागले. आमचं दोघींचं तुला ठाऊक आहे, एकीने टोला हाणला की दुसरी परतवणारच. चाळीच्या नळावर आमची जुंपली की लोक हंडे विसरून बघत बसायचे. इथे ती पाठमोरी पोळ्या लाटत होती. मी मागून म्हटलं, तुझ्या गुळपोळ्या म्हणजे जुन्या चपलांचे तळवे. वळली नाही. मी म्हटलं, तुझा नवरा तुझ्या स्वयंपाकाला कंटाळून लवकर गेला. तरी लाटतेय. आशा असलं ऐकून घेणारी नाही. म्हणजे तिने ऐकलंच नव्हतं.

पोरी, तिला ऐकू येत नाही. समोरून ओरडलं तर ओठ बघून थोडं कळतं, बाकी सगळं हो हो. आणि तिला स्वतःला हे माहीत नाही. तिला वाटतं सातारा शांत झालाय.

मी उठले. कुकर लावला आणि तिला ओढून समोर उभी केली. शिट्टी झाली, वाफेचा फवारा वर गेला. मी बोट दाखवलं. तिने वाफ बघितली, मग माझ्याकडे बघितलं. दुसरी झाली. तिने शिट्टीला हात लावायला हात पुढे केला, मी तो मागे ओढला. तिसऱ्या शिट्टीला ती खाली पाटावर बसली. नवा कुकर घेतला होता गं तिने.

रडली नाही. रडली असती तर मी उठून बाहेर गेले असते. फक्त म्हणाली, की नीरजला सांगू नकोस, तो घर विकेल. मी तिच्या तोंडासमोर जाऊन ओरडले, की दुखणं लपवलंस तर घर जाईल. इलाज करून मग तूच सांगितलंस, तर तो कशाला नेईल? तीन वेळा ओरडले. मागच्या बँडवाल्यांनी वाजवायचं थांबवलं.

काल कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. मशीनने ऐकू येईल का हे ते सांगेपर्यंत तिने माझा दंड असा धरला होता की वळ उठलाय. येईल म्हणाले! माप घेतलंय, कानात बसवायला आठ-दहा दिवस लागतील. बाहेर आलो आणि तडक राजवाड्यावर जाऊन दोघींनी कंदी पेढे खाल्ले, रस्त्यातच उभ्या राहून. रिक्षा करून टेकडीवरच्या ‘चार भिंती’ला गेलो. वर वारा असा की पदर सावरता सावरता हसून बसलो. मी तिचा हात धरूनच चालते. प्रेमाने नाही, हॉर्न ऐकू येत नाही तर चाकाखाली जायची.

झोप म्हणशील तर एक मिनिट झाली नाही. पण खरं सांगू, इतकी मजा मला तुझ्या बापाच्या लग्नात पण आली नव्हती. रविवारच्या गाडीने येतेय. बापाला सांग, आजीला इथली शांतता मानवली.

तुझी आजी


॥ श्री ॥
सातारा,
ता. ४ फेब्रुवारी २०२५

प्रिय द्वारका हिस,
आशाचा सप्रेम नमस्कार वि. वि.

कान आले!

पहिला आवाज माझ्याच बांगडीचा आला. मग घरी येऊन बसले, तर टपटप टपटप. न्हाणीतला नळ किती दिवस गळतोय कोण जाणे. दार करकरतं, माझ्या सपाता फटफट वाजतात, आणि चिमण्या, द्वारका, त्या कुठेही गेलेल्या नाहीत, मेल्या नुसत्या भांडत असतात. दुपारी कुकर लावला आणि समोर स्टूल घेऊन बसले. शिट्टी झाली तेव्हा इतकी दचकले की स्टुलावरून पडता पडता वाचले. वरण मऊसूत झालं. मारुतीला नारळ ठेवला. पुजाऱ्याला उगाच आळशी ठरवत होते.

संध्याकाळी मागे लग्नाचा डीजे लागला. हे लोक माणसं आहेत की राक्षस? तडक मॅनेजरशी भांडायला गेले. तर तो बिचारा हात जोडून म्हणाला, की आजी, आजवर एकट्या तुम्हीच कधी तक्रार केली नाहीत, आम्ही सगळीकडे तुमचं उदाहरण देतो. त्याने दिलेला मठ्ठा पिऊन परत आले.

रविवारी नीरजला सगळं सांगितलं. आधी तो फार रागावला, मग बॅग भर म्हणाला. मी म्हटलं, दुखणं निघालं खरं, पण ते मी रोज रात्री डबीत घालून उशाशी ठेवते. त्याच्यासाठी घर कशाला विकायचं? मग त्याच्या खुर्चीचा कुईकुई आवाज येत होता, तर त्याला तेल घाल म्हणून सांगितलं. तेव्हा तो हसला. मी त्याचं हसणं ऐकलं. घराचा विषय बंद झालाय. होळीला तोच इकडे येतो म्हणाला.

तू मला कान दिलेस वगैरे लिहिणार नाही, तू पत्र फाडशील. फक्त एक विचारायचंय. स्टँडवर गाडी सुटताना तू खिडकीतून बराच वेळ काहीतरी बोलत होतीस. मी सवयीने मान डोलावली. ओठांवरून काही कळलं नाही, तू पदर तोंडाशी धरला होतास. काय म्हणत होतीस?

घरच्यांना नमस्कार-आशीर्वाद. लोभ आहे, आता तो ऐकूही येईल.

तुझी
आशा


राई, भाईंदर (प.)
ता. १० फेब्रुवारी २०२५

श्रीमती आशाबाईला,
द्वारकेचा नमस्कार.

पत्र वाचलं. समीक्षाने मोठ्याने वाचून दाखवलं, आणि धर्मेश डोळ्यांत कचरा गेला म्हणून उठून गेला. हल्ली या बिल्डिंगच्या कामामुळे कचरा फार उडतो.

मशीनवाले आणखी दोन महिने हलत नाहीत. पण गंमत अशी की आता मला त्या धाडधाडीत झोप लागते. तुझ्या साताऱ्याच्या मानाने इथे शांतच आहे. घरात सगळे म्हणतात की आजी आराम करून ताजीतवानी झाली. म्हणू देत.

आता तू यायचंस. नीरज होळी करून गेला की ये. चौकला घेऊन जाईन, किनाऱ्यावर मासे वाळत असतात तिथे बसू. समुद्र कसा वाजतो ते पण विसरली असशील. पूर्वीने तुझ्यासाठी खोली काढून ठेवलीय. गुळपोळ्या आणू नकोस. का ते मी तुझ्या पाठीमागे सांगितलं होतं, आता तोंडावर सांगेन, आणि उलट उत्तर आलं नाही तर परत डॉक्टरकडे नेईन.

खिडकीतून काय बोलत होते ते विचारू नकोस. जवळ्याच्या डब्याचं झाकण घट्ट लाव म्हणत होते असं समज. ते मी परत बोलणार नाही. तुला ऐकू येत नव्हतं म्हणूनच बोलले.

तरी ऐकायचंच असेल, तर मशीनमध्ये नवे सेल घालून ये.

द्वारका